पीकसंरक्षणासाठी बंदूक विकत घेताना

तयार होत आलेले पीक एका रात्रीत नाहीसे झाल्याचे दुःख शेतकऱ्याला नवे नाही. कोकणात भात व भुईमूग, घाटमाथ्यावर नाचणी, विदर्भात तूर व हरभरा अशी पिके रानडुकरांच्या व रोह्यांच्या तडाख्यात सापडतात. डुकरांचा एक कळप पहाटेपर्यंत जेवढे खातो, त्याच्या कितीतरी पट तुडवितो आणि उकरतो. राखणीचे माळे, डबे-घुंगरे, काटेरी कुंपण, मशाली हे सर्व उपाय करून थकलेला शेतकरी शेवटी बंदुकीचा विचार करू लागतो.

हा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला बैलाची पारख असते. बाजारात बैल घेताना तो दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, खांदा दाबून पाहतो आणि मगच शब्द देतो. तोच शेतकरी बंदुकीच्या दुकानात मात्र गोंधळून जातो. काचेच्या कपाटातील चकाकणाऱ्या नळ्या, दुकानदाराचे भराभर बोलणे आणि स्वतःला ह्या विषयातील काही कळत नाही ही भीती, ह्यांमुळे तो दाखविलेली पहिलीच बंदूक घेऊन बाहेर पडतो. वाईट बैल घेतला तर पैसे बुडतात. वाईट बंदूक घेतली तर हात किंवा डोळा जाऊ शकतो, आणि कागदपत्रात चूक राहिली तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून बंदुकीच्या खरेदीत बैलाच्या खरेदीहून अधिक सावधपणा हवा. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढील माहिती शेतकऱ्यांना समजावून सांगावी.

आधी परवाना, मग दुकान

कोणतीही बंदूक जवळ बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. परवाना हातात पडण्यापूर्वी दुकानात विसार देणे, बंदूक ‘राखून ठेवावयास’ सांगणे किंवा ओळखीच्या माणसाकडून तात्पुरती घरी आणणे हे सर्व टाळावे. अर्ज नामंजूर झाला तर विसार अडकतो. आणि परवान्यावाचून बंदूक घरात सापडली तर तो गुन्हा ठरतो.

पीकसंरक्षणाच्या परवान्यासंबंधी कायद्याच्या १३ व्या कलमात स्पष्ट तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. ठासणीची बंदूक ह्या कामी पुरी पडणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर लांबीची नळी असलेल्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. गुळगुळीत नळी म्हणजे जिच्या आत रायफलीप्रमाणे पीळ नाहीत अशी नळी. तेव्हा आपल्या परवान्यावर कोणत्या प्रकारची बंदूक लिहिलेली आहे, हे दुकानात जाण्यापूर्वी नीट वाचून घ्यावे. ठासणीच्या बंदुकीचा परवाना घेऊन काडतुसाची बंदूक विकत घेता येत नाही. ‘नंतर दुरुस्त करून घेऊ’ असे कोणी म्हणाल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

परवान्यावर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, परवाना कोठपर्यंतच्या क्षेत्रासाठी आहे. दुसरी, तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल आणि बंदूक किती मुदतीत विकत घेऊन तपासणीसाठी दाखवावयाची आहे. तिसरी, एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षात किती विकत घेता येतील. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली आणि सामान्य परवानाधारकाने बाळगावयाच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित बंदूक आहे त्यांनी नवी घेण्यापूर्वी ही मर्यादा ध्यानात घ्यावी.

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याच्या अर्जदाराने बंदूक व काडतुसे सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेण्याचीही तरतूद आहे. हे शिक्षण केवळ प्रमाणपत्रापुरते मानू नये. ज्याने ते मन लावून घेतले आहे त्याला दुकानात बंदूक हातात धरताच तिचे पुष्कळसे गुणदोष आपोआप कळतात.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

ह्याबाबत गावोगावी मोठा गैरसमज आहे. शस्त्र अधिनियमाखालील परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. जनावर मारण्याचा नाही. रानडुक्कर, रोही, हरीण, सांबर इत्यादी प्राण्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. एखादा प्राणी माणसाच्या जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर ह्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. मात्र सर्वच प्राण्यांसाठी ही वाट सारखी मोकळी नाही. म्हणून नुकसान होताच वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईची मागणीही त्याच वेळी करावी. लेखी परवानगी हातात नसताना प्राण्यावर नेम धरू नये. पुष्कळ वेळा हवेतील एका आवाजाने कळप शेत सोडतो; तथापि आवाजासाठीही बंदूक उडविताना परवान्यातील अटी पाळाव्या लागतात.

ही गोष्ट खरेदीच्या आधी समजली म्हणजे बंदुकीची निवडही बदलते. ज्याला मुख्यतः कळप हुसकावून लावावयाचा आहे, त्याला लांब पल्ल्याच्या महागड्या बंदुकीची गरज नसते.

दुकान कसे निवडावे

बंदुका व काडतुसे विकण्यासाठी, तसेच दुरुस्त करण्यासाठीही, स्वतंत्र परवाना लागतो. दुकानदाराचा परवाना चालू आहे की नाही हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगला दुकानदार तो आनंदाने दाखवितो. चांगल्या दुकानदाराची आणखी एक खूण आहे. तो गिऱ्हाइकाचा परवाना आधी मागतो, बारकाईने वाचतो, ओळखपत्र पाहतो आणि बंदूक कशासाठी हवी ते विचारतो. ह्या चौकशीचा राग मानू नये. जो दुकानदार परवाना न पाहताच बंदूक पुढे करतो, ‘नोंद न करता चार काडतुसे जास्त देतो’ म्हणतो किंवा पावतीशिवाय किंमत कमी करतो, त्याच्या दुकानातून तसेच परत यावे. त्याने वाचविलेले थोडे पैसे गिऱ्हाइकाला पुढे कितीतरी पटींनी भरावे लागतात.

दुकानात एकटे जाऊ नये. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी ह्यांसारख्या जिल्ह्यांत सैन्यातून निवृत्त झालेली माणसे अनेक गावांत आहेत. अशा जाणत्या माणसाला सोबत न्यावे. शक्य असेल तर पहिल्या दिवशी केवळ पाहून व किमती विचारून यावे आणि दुसऱ्या खेपेस खरेदी करावी. ‘ही शेवटचीच आहे, उद्या मिळणार नाही’ ह्या वाक्याने घाई करू नये. दाखविलेली बंदूक चांगली असेल तर तिची तपासणी अर्धा तास चालल्याने काही बिघडत नाही.

दुकानात वागण्याची रीतही सांभाळावी. बंदूक हातात घेताच ती रिकामी आहे की नाही हे स्वतः उघडून पाहावे. दुकानदाराने पाहिलेले पुरेसे मानू नये. नळीचे तोंड माणसाकडे वळवू नये. बोट चापावर ठेवू नये. घोडा पाडून पाहावयाचा असेल तर आधी विचारावे, कारण रिकाम्या बंदुकीचा घोडा वारंवार पाडल्याने आतील टोचणी मोडण्याचा संभव असतो. ह्यासाठी दुकानात खोटी काडतुसे असतात. ती मागून घ्यावीत.

कोणती बंदूक कोणाला योग्य

ठासणीची बंदूक पुढून भरावी लागते. दारू, बोळा, छर्रे व पुन्हा बोळा गजाने ठासून मागच्या नळकांडीवर टोपी बसवितात. ती स्वस्त असते व रचना साधी असते. परंतु पावसाळी हवेत दारू दमट होते, भरण्यास वेळ लागतो आणि दारूचे माप चुकल्यास धोका असतो. दारू व टोप्या परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्याव्यात. घरी केलेली किंवा फटाक्यांतून काढलेली दारू कधीही वापरू नये. फटाक्याची दारू बंदुकीसाठी बनविलेली नसते आणि तिचा जोर सांगता येत नाही.

काडतुसाच्या बंदुकांत एकनळी व दुनळी असे दोन मुख्य प्रकार आहेत. एकनळी हलकी, स्वस्त व साधी असते. दुनळीत दोन बार लागोपाठ काढता येतात, पण किंमत, वजन व देखभाल वाढते. दोन एकर भुईमूग राखणाऱ्याला चांगली एकनळी बहुधा पुरेशी असते. हलकी बंदूक खांद्याला अधिक धक्का देते, हेही लक्षात ठेवावे. फार हलकी बंदूक दुकानात बरी वाटते आणि शेतात नकोशी होते.

‘बारा बोअर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, पण त्याचा अर्थ थोड्यांनाच ठाऊक असतो. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतील व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. वीस बोअर म्हणजे पौंडाचे वीस गोळे. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. नव्याने घेणाऱ्याने शक्यतो बारा बोअरच घ्यावी, कारण तिची काडतुसे सहज मिळतात. दुर्मीळ मापाची जुनी बंदूक स्वस्तात मिळाली तरी तिच्यासाठी काडतुसे शोधण्यात वेळ व पैसा जातो.

दुकानदार पल्ल्याविषयी पुष्कळ सांगतो. बारा बोअरच्या छऱ्यांचा खात्रीचा पल्ला साधारण ३५ ते ४० मीटर धरावा. ‘ही बंदूक शंभर वाव मारते’ अशी स्तुती ऐकून जास्त पैसे देऊ नयेत. मात्र पल्ला संपला म्हणजे छर्रा तेथेच पडला असे नव्हे. बारीक छर्रा दोनशे मीटरपर्यंत आणि मोठा छर्रा त्याहून बराच दूर जाऊ शकतो. शेजारच्या शेतातील राखणदार, पायवाट आणि वस्ती ह्यांचे भान म्हणूनच ठेवावे लागते.

नळीचे तोंड किंचित आवळलेले असते, त्यास चोक म्हणतात. चोक जास्त असेल तर छर्रे एकत्र राहून दूरवर जातात. कमी असेल तर ते लवकर पसरतात. पीक राखण्यासाठी मध्यम चोक सोयीचा पडतो.

बंदुकीची तपासणी

पहिली तपासणी अक्षरांची व आकड्यांची करावी. कायद्याच्या ८ व्या कलमानुसार कारखानदाराचे नाव, क्रमांक किंवा मान्य ओळखचिन्ह नसलेली बंदूक विकता येत नाही. क्रमांक खोडणे, घासणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. आणि असा क्रमांक खोडलेली बंदूक ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच तो खोडला असे, उलट सिद्ध होईपर्यंत, न्यायालय गृहीत धरते. म्हणून नळीवरील, मधल्या भागावरील व पावतीवरील क्रमांक एकमेकांशी ताडून पाहावेत. अक्षरांभोवती कानशीने घासल्याच्या खुणा दिसल्या तर ती बंदूक खाली ठेवावी. कारखान्यात जास्त दाबाच्या काडतुसाने नळीची कसोटी घेऊन तिच्यावर चिन्ह उमटवितात; ते चिन्हही पाहावे.

दुसरी तपासणी नळीची. बंदूक उघडून, ती रिकामी असल्याची खात्री करून, नळी उजेडाकडे धरावी व आतून पाहावे. आतील भाग आरशासारखा एकसारखा चकाकला पाहिजे. काळे ठिपके दिसले तर ती गंजाची खड्डे पडलेली जागा समजावी. आत सावलीचे गोल कडे दिसले तर नळी तेथे फुगलेली आहे; अशी बंदूक कोणत्याही किमतीला घेऊ नये. बाहेरून बोटे हळूहळू फिरविल्यास पोचे व फुगवटे हाताला लागतात. दुनळीच्या दोन नळ्या पट्टीने जोडलेल्या असतात. नळ्या सुट्या करून दोरीला अडकवाव्यात व लाकडाने हलकेच ठोकाव्यात. घंटेसारखा स्वच्छ नाद निघाला तर जोड पक्का. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर जोड कोठेतरी सुटलेला असतो.

तिसरी तपासणी सांध्याची. बंदूक बंद करून पुढचा लाकडी हातधरा काढावा आणि दस्ता घट्ट धरून नळी हलवून पाहावी. नळी डुगडुगली किंवा बंद सांध्यातून उजेड दिसला तर बंदूक झिजलेली आहे. बार उडताना सर्वांत मोठा दाब ह्याच ठिकाणी येतो.

चौथी तपासणी चाप, घोडा व खटका ह्यांची. खटका लावला असता चाप ओढूनही घोडा पडता कामा नये. तथापि पुष्कळशा बंदुकांत खटका केवळ चाप अडवितो. जोराचा आपटा बसल्यास घोडा सुटू शकतो. म्हणून खटक्याच्या भरवशावर भरलेली बंदूक कुंपणावरून ओढू नये. चाप अति हलका असल्यास धोका आणि अति जड असल्यास नेम हलतो; मध्यम ताण असावा.

पाचवी तपासणी दस्त्याची. हाताची मूठ बसते ती बारीक जागा दस्त्यात सर्वांत कमजोर असते. तेथे चीर, खिळे किंवा लुकणाने बुजविलेली भेग आहे का ते नखाने पाहावे. नंतर डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी व डोळे उघडावेत. नजर सरळ नळीवरून तोंडाकडील माशीवर गेली तर बंदूक अंगाला बसली. मान वाकवावी किंवा ताणावी लागली तर दस्ता लांब किंवा आखूड आहे. थोडा फरक परवानाधारक कारागिराकडून दुरुस्त होतो, पण त्याचा खर्च किमतीत आधीच धरावा.

ठासणीची बंदूक घेताना एक साधी युक्ती करावी. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडापाशी खूण करावी, मग तोच गज नळीच्या बाहेरून टोपीच्या नळकांडीपर्यंत धरून पाहावा. आत गज बराच कमी गेला असेल तर नळीत जुना बार शिल्लक आहे किंवा काहीतरी अडकलेले आहे. कित्येक वर्षे भिंतीला टांगलेल्या बंदुकीतही भरलेला बार सापडू शकतो. टोपी बसते ती नळकांडी झिजलेली किंवा तडकलेली नसावी.

जुनी बंदूक घेताना

जुन्या बंदुका स्वस्त असतात आणि त्यांपैकी काही उत्तमही असतात. पण दोन धोके ओळखावेत. पहिला धोका नागमोडी नक्षीच्या नळ्यांचा. पूर्वी लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या पिळून व एकत्र ठोकून नळ्या करीत. त्यांवर वेलबुट्टीसारखी सुंदर नक्षी दिसते. ह्या नळ्या काळ्या दारूच्या काळातील आहेत. आजच्या बिनधुराच्या दारूची काडतुसे त्यांत उडविणे जिवावर बेतू शकते. नक्षी पाहून भुलू नये.

दुसरा धोका काडतूस बसण्याच्या जागेच्या लांबीचा. जुन्या कित्येक बंदुकांत ही जागा ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंची असते. नव्या बंदुकांत ती बहुधा ७० मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंची असते. काडतुसावर लिहिलेली लांबी ते उडून तोंड उघडल्यावरची असते. त्यामुळे ७० चे काडतूस ६५ च्या जागेत न अडखळता बसते आणि गिऱ्हाईक फसते. बार उडताना त्याचे तोंड उघडण्यास जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढू शकतो. म्हणून नळीवर ही लांबी कोरलेली आहे का ते पाहावे. नसल्यास कारागिराकडून मोजून घ्यावी आणि कागदावर लिहून काडतुसांच्या पेटीत ठेवावी.

दुकानाऐवजी परवानाधारक व्यक्तीकडून बंदूक घ्यावयाची असेल तरी रीत ठरलेली आहे. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी सूचना द्यावयाची असते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्यावाचून बंदूक हस्तांतरित करता येत नाही. घेणाऱ्याजवळ योग्य परवाना तर असावाच लागतो. मयत परवानाधारकाची बंदूक वारसांनी आपसांत वाटून घ्यावयाची वस्तू नव्हे. ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी व स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा.

काडतुसे घेताना

काडतुसाच्या पेटीवर व बुडावर बोअर, लांबी व छऱ्याचा क्रमांक असतो. छऱ्याचा क्रमांक वाढेल तसा छर्रा बारीक होतो. एल. जी. व एस. जी. हे मोठे छर्रे असून त्यांचा पल्ला व धोका दोन्ही जास्त असतात. परवान्यावरील प्रमाणाबाहेर एकही काडतूस घेऊ नये. दुकानदार परवान्यावर तारीख व संख्या लिहून सही करतो. ती नोंद दुकानातच वाचून घ्यावी.

बुडाचे पितळ हिरवट झालेले, कवच फुगलेले किंवा तोंड सैल झालेले काडतूस परत करावे. कोकणातील पावसाळ्यात कागदी कवचाची काडतुसे लवकर फुगतात; तेथे प्लॅस्टिक कवचाची घ्यावीत व झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवावीत.

दोन निरनिराळ्या बोअरची काडतुसे एका पिशवीत कधीही ठेवू नयेत. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते घसरून पुढे अडकते. मागे जागा मोकळी दिसल्याने माणूस बाराचे दुसरे काडतूस भरतो आणि चाप ओढताच नळी फुटते. रात्रीच्या अंधारात ही चूक सहज होते.

किंमत, पावती आणि घरापर्यंतचा प्रवास

किंमत ठरविताना बंदुकीबरोबर आवरण, साफ करण्याचा गज, तेल व पहिली दुरुस्ती धरली आहे का, हे विचारावे. सुटे भाग मिळतात का आणि दुरुस्ती कोण करतो हेही विचारावे. गावच्या लोहाराकडून बंदूक दुरुस्त करून घेणे बेकायदा आहे, कारण दुरुस्तीलाही परवाना लागतो. वागविण्यास सोपे म्हणून नळी कापून आखूड करणे हे कायद्याच्या ६ व्या कलमाने स्पष्टपणे मना केले आहे.

पावतीवर बंदुकीचा प्रकार, कारखाना, बोअर, क्रमांक, किंमत व परवान्याचा क्रमांक असावा. परवान्यावर बंदुकीची नोंद झाल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये. क्रमांकातील एक आकडा चुकला तर पुढे तपासणीच्या वेळी बंदूक ‘दुसरीच’ ठरते. बंदूक रिकामी करून, आवरणात घालून, काडतुसे वेगळी ठेवून व परवाना जवळ बाळगून घरी न्यावी. वाटेत हॉटेलात किंवा बसगाडीत ती सोडून जाऊ नये. परवान्यात सांगितलेल्या मुदतीत ती तपासणीसाठी दाखवावी.

घरी बंदूक कुलपात व काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. दोन्ही किल्ल्या परवानाधारकाजवळ असाव्यात. भिंतीवर टांगलेली बंदूक घराची शोभा वाढविते असे काही लोक मानतात, पण मुलाचा हात तेथे पोहोचण्यास एक पाट पुरतो. लग्नाच्या वरातीत किंवा जत्रेत हर्षाने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरविला असून, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निवडणुकीच्या वेळी शस्त्रे जमा करण्याचा आदेश निघाल्यास ती वेळेवर जमा करावीत व पावती जपून ठेवावी.

छर्ऱ्याची बंदूक म्हणून विकल्या जाणाऱ्या हवेच्या बंदुकांविषयीही एक सूचना आवश्यक आहे. २०१६ च्या नियमांनुसार ज्या हवेच्या बंदुकीचा जोर २० ज्यूलहून अधिक किंवा नळीचे माप ०.१७७ इंचाहून मोठे आहे, तिला परवाना लागतो. ‘हवेची आहे, परवाना नको’ हे विधान सरसकट खरे नाही. हे दोन्ही आकडे पेटीवर पाहूनच निर्णय घ्यावा.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

पुढील प्रश्न शेतकऱ्याने कागदावर लिहून बरोबर न्यावेत :

(१) माझ्या परवान्यात बसणारी हीच बंदूक आहे काय?
(२) कारखान्याचे नाव, क्रमांक व कसोटीचे चिन्ह कोठे आहे?
(३) बोअर किती व काडतूस किती लांबीचे?
(४) नळी, सांधा, चाप व दस्ता मला स्वतः पाहता येईल काय?
(५) बंदूक नवी की वापरलेली. वापरलेली असल्यास आधीच्या मालकाची कागदपत्रे कोठे आहेत?
(६) दुरुस्ती व सुटे भाग कोठे मिळतील?
(७) पावती व परवान्यावरील नोंद आताच मिळेल काय?

सातांपैकी एका जरी प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तरी त्या दिवशी खरेदी करू नये. पीक एक हंगाम गेले तर दुसऱ्या हंगामात भरून काढता येते. सदोष बंदुकीने गेलेला डोळा परत येत नाही. जो शेतकरी बंदुकीच्या दुकानातही बैलबाजारातल्याइतकाच शांतपणे पाहतो, विचारतो आणि न पटल्यास रिकाम्या हाताने परत येतो, त्याच्याच घरी बंदूक सुरक्षित राहते.